घड की बाळी

रविवारीही त्यांना खायला लागतं.
सांगलीहून मिरज, सिटी बस रिकामी,
गेटवरचा वॉचमन विचारतो, आज पण?
आज पण.
पेशींना वार कळत नाही.

काल घातलेलं गुलाबी पाणी
सकाळपर्यंत पिवळट झालंय,
म्हणजे जेवलेत, जगलेत.
जुनं ओढून घ्यायचं, नवं सोडायचं
कडेकडेनं, फेस होऊ न देता.

डबीवर नाव नसतं. बी-सात, बी-आठ.
बी-सात आठ वर्षांचा, बेडगचा.
इथे त्याला श्रेणिक म्हणते,
खरं नाव कपाटात, किल्ली सरांकडे.
तो बोलत नाही.
रिकामे क्रेट रंगांप्रमाणे लावत बसतो
आणि एक जरी कुणी हलवला
तरी अख्खी दुपार मोडते.
मी पाच मिली रक्त काढलं तेव्हा
तो सुईकडे नाही, पंख्याकडे बघत होता,
पंख्याच्याच सुरात गुणगुणत.

त्या रक्ताला आम्ही माघारी धाडलं.
चार प्रथिनं, तीन-चार आठवडे,
आणि रक्त विसरलं की आपण रक्त आहोत.
पोटातल्या पहिल्या आठवड्याइतकं कोरं झालं.
मग त्याला म्हणायचं, आता मेंदू हो.
विनवून होत नाही ते, दिवस मोजून होतं.
आज चाळिसावा.
साबुदाण्याएवढा गोळा, न भिजवलेल्या.
त्यात विचार नाही, दुखणं नाही,
असं मी संमतीपत्रावरून वाचून दाखवलंय
आणि ते खरं आहे,
आम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढ्यापुरतं.

बी-आठ त्याची आई. तुलनेसाठी.
तिचाही आज चाळिसावा.
एकाच ट्रेमध्ये, शेजारी शेजारी,
दोघं एका वयाचे.
कुणी कुणाला जन्म दिलेला नाही अजून.

त्रिशलाताई गेल्या मंगळवारी आल्या होत्या,
हाताला औषधफवारणीचा वास.
मायक्रोस्कोपला बिचकल्या नाहीत,
सवयीनं एक डोळा मिटला.
"दर वर्साला काड्या घिऊन जातो की तासगावला,
छाटणीच्या आदी.
डोळा चिरून बगत्यात, आत घड हाय का बाळी."

बराच वेळ बघत राहिल्या.
काचेवर टेकवलेल्या गोळ्यातून
चहूकडे तंतू निघालेले,
बारीक, चाचपडत,
कशाला तरी धरू बघणारे.

मी उत्तर तयार ठेवलं होतं,
तो बरा होईल का, या प्रश्नाचं.
त्यांनी तो विचारलाच नाही.
"ह्यात काय दिसतंय मग? घड का बाळी?"

सांगितलं : तुमच्यापेक्षा त्याचे तंतू लवकर फुटतात,
जास्त फुटतात,
का, ते माहीत नाही.
तीन वर्षं लागतील, नाहीतर तीस.
श्रेणिकला उपयोग होईलच असं नाही.

त्यांनी पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला.
"बाळी खुडतो आमी. घड न्हाई म्हणून.
पर ती वाया न्हवं ओ,
तिला तार घावली पायजे."
दारात थांबल्या.
"आनि त्ये गुणगुणतंय न्हवं का,
औषिद गावलंच कधी,
तर त्येवढं काडू नका."

त्या गेल्यावर सर म्हणाले,
अशा गोष्टी नोंदवायच्या नसतात.
खरंय. रकानाच नाही तसा.

दार लावलं. सदतीस अंश.
इन्क्युबेटरचा पंखा एका सुरात चालू,
आज पहिल्यांदा मी तो ऐकत उभी राहिले,
सव्वाबाराची बस चुकेपर्यंत.
मग वहीत लिहिलं :
दिवस ४०. खाद्य बदललं. गोळे बारा, सगळे ठीक.
निरीक्षणाच्या रकान्यात
बी-सातपुढे लिहिलं, बाळी.
खोडलं.
खोडलेलं वाचता येतंय.